मधला काळोख

आमच्या बैठकीच्या खोलींत पूर्वेकडील भिंतीवर एक छायाचित्र पुष्कळ वर्षें टांगलेलें आहे. चित्र मुंबईचें आहे. खालीं मरीन ड्राइव्हच्या दिव्यांची ती सुप्रसिद्ध कमान, तिच्यामागें इमारतींच्या उजळलेल्या खिडक्या, पुढें काळें पाणी व त्यांत उतरलेलीं दिव्यांचीं लांबट प्रतिबिंबें. आणि या सर्वांवर, आकाशाच्या तांबूस पडद्यावर, दारूकामाचीं पांच फुलें एकाच वेळीं उमललेलीं. घरीं येणारा पाहुणा चहा घेतां घेतां त्या चित्राकडे पाहतो, "छान आहे" म्हणतो, आणि बोलणें दुसरीकडे वळतें. इतक्या वर्षांत त्या चित्राविषयीं आम्हांस अडचणींत टाकणारा प्रश्न कोणा पाहुण्यानें विचारला नव्हता. तो गेल्या दिवाळींत आमच्या नऊ वर्षांच्या नातीनें विचारला. "आजोबा," ती म्हणाली, "हे पांचही बाण एकदम उडाले होते?" आम्ही वर्तमानपत्र वाचीत होतों. मान वर न करतां आम्हीं "हो" म्हटलें.

उत्तर खोटें होतें. ते पांच बाण एकदम उडाले नव्हते. पहिला आणि पांचवा यांच्यामध्यें जवळजवळ नऊ मिनिटें गेलीं होतीं. आतां कोणी म्हणेल कीं, लहान मुलीला दिलेल्या एका अक्षराच्या उत्तराचा एवढा बाऊ कशाला? आमचेंही प्रथम तेंच म्हणणें होतें. परंतु त्या दिवसापासून चित्राकडे पाहिलें कीं तें 'हो' आमच्या कानांशीं येऊं लागलें. शिवाय याच चित्राविषयीं असाच एक प्रश्न पूर्वीं आमच्या वडिलांनीं विचारला होता, व तेव्हांही आम्हीं तो हंसण्यावारी नेला होता. घरांतील सर्वांत थोर आणि सर्वांत धाकट्या माणसास एकाच ठिकाणीं शंका यावी, त्या अर्थीं तींत विचार करण्याजोगें कांहीं असलें पाहिजे. ज्या चित्रांतील प्रत्येक प्रकाशरेखा खरी आहे, तें चित्र खोटें असूं शकतें काय? आणि असलें, तर तो दोष चित्राचा, कीं चित्र दाखविणाऱ्याचा? या प्रश्नाचा थोडा विचार वाचकांसमवेत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

चित्र कसें निघालें तें आधीं सांगितलें पाहिजे. कारण सगळा वाद त्या कृतींतच आहे. 1996 सालच्या लक्ष्मीपूजनाची ती रात्र. मलबार हिलच्या उतारावर आमच्या एका स्नेह्यांचें बिऱ्हाड होतें. त्यांच्या गच्चीवरून चौपाटीपासून नरीमन पॉइंटपर्यंतचा किनाऱ्याचा सारा वळसा दिसे. तिथि अमावास्येची, पण मुंबईच्या आकाशाला अमावास्या ठाऊक नाहीं. त्या काळीं मरीन ड्राइव्हवर सोडियमचे पिवळे दिवे होते. (ते काढून 2015 सालीं पांढरे एलईडी दिवे बसविले तेव्हां पुष्कळ मुंबईकरांनीं हळहळ व्यक्त केली होती.) त्या दिव्यांचा आणि हजारों खिडक्यांचा उजेड वरच्या धुरकट हवेवर पडून आकाश तांबूस झालें होतें. स्टँडवर कॅमेरा, कॅमेऱ्यांत 100 वेगाची रंगीत फिल्म, आणि शेजारीं वेताच्या खुर्चींत शाल पांघरून बसलेले आमचे वडील, अशी आमची सिद्धता होती.

अंधाऱ्या माळावर दारूकामाचें चित्र घेणें सोपें असतें. भिंगाचें छिद्र बेताचें ठेवावें, शटर उघडावें, बाण फुटून विझेपर्यंत थांबावें आणि शटर मिटावें. काळें आकाश फिल्मवर फारसें कांहीं लिहीत नाहीं. म्हणून शटर चार सेकंद उघडें राहिलें काय आणि चाळीस सेकंद राहिलें काय, मोठेंसें बिघडत नाहीं. दिव्यांनीं झगमगणाऱ्या शहरावर मात्र हें चालत नाहीं. तेथें दोन जातींचे प्रकाश एकाच फिल्मवर हक्क सांगत असतात. बाणांतून निघालेली ठिणगी धांवती असते. फिल्मच्या कोणत्याही एका बिंदूवर ती निमिषमात्र असते आणि पुढें जाते. म्हणून तिची रेघ किती तेजस्वी उमटावी हें छिद्राच्या आकारावर व फिल्मच्या वेगावर अवलंबून असतें, शटर किती वेळ उघडें होतें यावर नाहीं. रस्त्यावरचा दिवा जागचा हलत नाहीं. तो त्याच बिंदूवर सेकंदामागून सेकंद प्रकाश ओतीत राहतो. आणि फिल्मवर एकदां पडलेला प्रकाश परत काढून घेतां येत नाहीं. बेताचा वेळ दिला तर दिवा दिवा राहतो. अधिक दिला तर त्याचा पांढरा डाग होतो, डाग पसरतो, शेजारच्या खिडक्या गिळतो, आणि शेवटीं आकाशही फिकें पडून, ज्या काळ्या पाटीवर बाणानें लिहावयाचें ती पाटीच नाहींशी होते.

त्या रात्रीं आमच्या अंदाजानें 11 क्रमांकाच्या छिद्राला हें शहर बारा सेकंद सोसवणार होतें, त्यापुढें नाहीं. बाणाला फुटून विझावयास दोन-अडीच सेकंद लागतात. म्हणजे एका चित्रांत फार तर पांच बाण. पण ते एकापाठोपाठ थोडेच उडणार! समारंभांतील दारूकाम आधीं आखलेल्या क्रमानें होतें. दिवाळीचें दारूकाम हजारों घरांच्या लहरीवर चालतें. एखादा बाण डावीकडे फुटावा, मग दोन मिनिटें कांहींच नसावें, मग दूर नरीमन पॉइंटकडे एखादा निघावा, असा प्रकार. यावर छायाचित्रकारांची एक जुनी युक्ति आहे. शटर उघडेंच ठेवावें, आणि भिंगापुढें, त्याला न लागेल असा, काळा पुठ्ठा धरावा. बाण वर निघाला कीं पुठ्ठा हळूच बाजूस घ्यावा. विझला कीं पुन्हां आड धरावा. आम्हीं तसेंच केलें. शटर नऊ मिनिटें उघडें होतें. नऊ मिनिटांचे सेकंद झाले 540. त्यांपैकीं 12 सेकंद फिल्मनें पाहिले. उरलेले 528 सेकंद तिच्यापुढें आमचा पुठ्ठा होता.

फिल्मचा एक धर्म असा कीं, काय पदरांत पडलें तें तिथल्या तिथें कळत नाहीं. रोल धुऊन येईपर्यंत माणसाला धीर धरावा लागतो. आठ दिवसांनीं आमचा रोल आला. छत्तीस चित्रांपैकीं बहुतेक वायां गेलीं होतीं. कांहींत शहर जळून पांढरें झालें होतें, कांहींत बाण चौकटीबाहेर गेला होता, कांहींत धुराचे लोटच तेवढे आले होते. हें एक मात्र साधलें होतें. त्याची मोठी प्रत करवून आम्हीं ती मोठ्या अभिमानानें वडिलांच्या हातीं दिली. वडिलांचा सारा जन्म हिशेबाच्या वह्यांत गेला होता. मोजणें हा त्यांचा स्वभावच झाला होता. त्या रात्रींही ते खुर्चींत बसून फुटणारे बाण स्वतःशींच मोजीत होते, आणि अधूनमधून "हा तांबडा चांगला होता" असा शेरा देत होते. त्यांनीं खिडकीशीं जाऊन चित्र बराच वेळ पाहिलें. मग म्हणाले, "छान आहे. पण मधला काळोख कुठें गेला?" आम्हीं हंसून त्यांना पुठ्ठ्याची युक्ति समजावून सांगितली. त्यांनीं ती लक्षपूर्वक ऐकली. "म्हणजे तो तूं झांकलास," एवढेंच ते म्हणाले, व चित्र आमच्या हातीं परत दिलें. पुढची दिवाळी त्यांनीं पाहिली नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. कॅमेरा खोटें बोलत नाहीं, अशी एक समजूत आहे. चित्रकार मनांतलें काढतो आणि कॅमेरा समोरचें घेतो, असा तिचा आशय. ही समजूत छायाचित्रणाच्या बाल्यापासूनच लंगडी आहे. 1838 सालीं दागेर यानें पॅरिसमधील बुलेव्हार द्यू तांप्ल या रहदारीच्या रस्त्याचें चित्र उंचावरील खिडकींतून घेतलें. चित्रांत तो रस्ता ओसाड दिसतो. चित्र उमटण्यास कित्येक मिनिटें लागत असल्यामुळें जें जें हलत होतें तें तें पुसलें गेलें. बूट साफ करून घेण्यासाठीं एक गृहस्थ रस्त्याच्या कडेला स्वस्थ उभा होता. तो तेवढा उरला. दागेरनें कांहीं लपविलें नव्हतें, कीं कांहीं भर घातली नव्हती. तरीही गजबजलेला रस्ता निर्जन झाला. तात्पर्य, क्षणाचें चित्र म्हणून आपण जें म्हणतों तेंही वास्तविक एका कालखंडाचें चित्र असतें. तो खंड मिनिटांचा असो कीं सेकंदाच्या शतांशाचा असो.

आमच्या चित्रांतील पांचांपैकीं एकच बाण घेतला तरी हाच अनुभव येतो. फिल्मवर तो मध्यापासून टोकापर्यंत लांब पाकळ्यांचें फूल आहे. तसें पूर्ण फूल आकाशांत बहुधा कोणत्याही एका क्षणीं नसतें. कोणत्याही एका क्षणीं तेथें असतो तो बाहेर पसरत जाणाऱ्या ठिणग्यांचा पोकळ गोल. ठिणगी जेथून निघाली तेथें केव्हांच अंधार झालेला असतो. आपल्या डोळ्यालाही मागची थोडी रेघ दिसते, कारण डोळाही गेलेला प्रकाश किंचित काळ धरून ठेवतो. फिल्म तो अधिक काळ धरते, इतकाच फरक. मग कोणी संशयवादी विचारील कीं, एक बाणसुद्धां जर असा जुळविलेला आहे, तर पांच जुळविले म्हणून काय बिघडलें? सर्वच चित्रें थोडींबहुत खोटीं. तेव्हां कोणतेंच खोटें नाहीं.

हा युक्तिवाद चलाख आहे, पण तो फार सिद्ध करतो. जुळवाजुळव सर्वत्र असते एवढ्यावरून सर्व जुळवाजुळव सारखी ठरत नाहीं. आपल्या एकनाथांचें उदाहरण घ्या. सोळाव्या शतकांत लिहिलेल्या 'रुक्मिणीस्वयंवरां'त त्यांनीं लग्नसोहळ्यांतील दारूकामाचें वर्णन केलें आहे. भारतांतील दारूकामाच्या इतिहासाचा शोध घेणारे प. कृ. गोडे यांनीं अभ्यासकांचें लक्ष त्याकडे वेधलें होतें. श्रीकृष्णाच्या लग्नांत बंदुकीच्या दारूचे बाण असणें शक्य नव्हतें, हें आज शाळेंतल्या मुलासही सांगतां येईल. तरी एकनाथांना खोटें बोलणारे कोणी म्हणत नाहीं. त्यांनीं आपल्या डोळ्यांदेखतच्या थाटाचें लग्न देवाला लावून दिलें, आणि ऐकणाऱ्यांनींही तें तसेंच घेतलें. विलायतेंत व्हिसलर नांवाच्या चित्रकारानें लंडनमधील क्रीमोर्न बागेंतल्या दारूकामाचें एक चित्र काढलें होतें. 1877 सालीं तें प्रदर्शनांत मांडलें गेलें तेव्हां रस्किन यांनीं त्यावर इतकी कठोर टीका केली कीं, व्हिसलरनें बेअब्रूची फिर्याद लावली. 1878 सालीं निकाल त्याच्या बाजूनें लागला, पण नुकसानभरपाई मिळाली ती एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा! त्या खटल्यांत कारागिरीचा आणि किंमतीचा काथ्याकूट झाला. चित्राच्या खरेपणाचा निवाडा बागेंतले बाण मोजून करावा, असें कोणास वाटलें नाहीं. चित्रकार व कवि साक्षीला उभे राहत नाहींत. छायाचित्र मात्र, आपण म्हणा वा न म्हणा, शपथ घेऊनच भिंतीवर चढतें. कारण त्यांतला प्रकाश त्या वस्तूपासून निघून त्या फिल्मवर स्वतः येऊन पडलेला असतो. त्याच्यावर आपला जो विश्वास बसतो तो या आगमनावर असतो.

याच्या दुसऱ्या टोकाचेंही एक उदाहरण आहे. 8 ऑगस्ट 2008 रोजीं बीजिंग येथें ऑलिंपिक सामन्यांच्या उद्घाटनप्रसंगीं शहरावरून क्रीडागाराकडे चालत येणारीं 29 पावलें दारूकामानें आकाशांत उमटविलीं गेलीं. पावलें खरोखरच उमटलीं. तेथें असलेल्या लोकांनीं तीं पाहिलीं. परंतु दूरचित्रवाणीवर जगानें जीं पावलें पाहिलीं त्यांतलीं बहुतेक संगणकावर आधींच तयार केलेलीं होतीं, हें पुढें उघडकीस आलें. रात्रीं शहरावरून उडणाऱ्या हेलिकॉप्टरांतून तीं टिपणें धोक्याचें होतें, असें कारण देण्यांत आलें. हा प्रकार चमत्कारिक आहे. घडलें तेंच दाखविलें, तरी दाखविलें तें घडलेलें नव्हतें. त्या पावलांच्या प्रकाशाचा एक कणही त्या चित्रांत नव्हता. जगाला वाईट वाटलें तें याचें. पावलें नव्हतीं असें कोणीं म्हटलें नाहीं. आपल्याला तीं पाहूं दिलीं नाहींत, आणि पाहिल्याचा भास दिला, हें मात्र लोकांच्या मनाला लागलें.

या दोन टोकांमध्यें आमचें चित्र कोठें बसतें? त्यांतला कण न् कण त्या रात्रींचा आहे. त्यांत बाहेरचें कांहीं आणलेलें नाहीं. त्या बाजूनें तें बीजिंगच्या पावलांहून निश्चित सरस आहे. परंतु त्याच्याकडे पाहणारा प्रत्येकजण तीं फुलें एकदम उमललीं असें समजतो, आणि तसें तो समजणार हें आम्हांस पक्कें ठाऊक होतें. चित्र स्वतः 'एकदम' असें म्हणत नाहीं. तें कांहींच म्हणत नाहीं. वकिली बुद्धीनें आम्हांस असेंही म्हणतां येईल कीं, पाहणाऱ्याच्या समजुतीला आम्ही जबाबदार नाहीं. परंतु दुसऱ्याची चूक होत आहे हें कळत असतां, ती आपल्या गौरवाची आहे म्हणून गप्प बसणें, हें निर्दोष मौन नव्हे. दुकानदाराच्या हातून चुकून जास्त आलेली मोड खिशांत घालणारा माणूसही खोटें बोललेला नसतोच. नातीला दिलेल्या उत्तरानें एवढेंच झालें कीं, इतकीं वर्षें जें मौन होतें त्याला त्या दिवशीं वाचा फुटली.

वडिलांचा प्रश्न याहून खोल जातो. पांच बाण एकदम उडाले नव्हते हें त्यांना सांगावयास नको होतें. ते तेथें होते, त्यांनीं ते मोजले होते. त्यांना चित्रांत काळोख सांपडला नाहीं. त्या 528 सेकंदांत काय होतें? आकाशांत कांहीं नव्हतें, म्हणूनच आम्हीं पुठ्ठा आड धरला होता. पण गच्चीवर पुष्कळ होतें. यजमानीणबाईंनीं आणलेल्या चहाचे पेले होते, दारूचा उग्र वास होता, खालच्या मजल्यावर आवाजाला भिऊन रडणारें तान्हें मूल होतें, आणि आतां कोठून निघेल म्हणून क्षितिजभर फिरणारी वडिलांची नजर होती. एक बाण विझल्यावर डोळ्यांपुढें जो गडद काळोख येतो, त्यांत वाट पाहावी तेव्हांच पुढच्या बाणाला अर्थ येतो. तो काळोख आम्हीं फिल्मपासून झांकला. आणि आतां विचार करतां असें दिसतें कीं, आपल्यापासूनही झांकला. त्या नऊ मिनिटांत आमचे डोळे आकाशाकडे, हात पुठ्ठ्यावर आणि मन सेकंद मोजण्यांत होतें. वडील दोन हातांवर बसले होते. त्यांचा चेहरा तेव्हां कसा होता हें आम्हांस सांगतां येत नाहीं.

स्मरणाचेंही काम पुष्कळसें असेंच चालतें. नित्याचा सहवास हा रस्त्यावरच्या दिव्यासारखा आहे; तो त्याच जागीं रोज पडत राहिल्यामुळें त्याचा एक उजळ डाग तेवढा होतो, आणि त्यांतून एखादा विवक्षित दिवस काढूं म्हटलें तर निघत नाहीं. तीस-पस्तीस वर्षें वडील सकाळीं जेवून, टोपी घालून, लोकल गांठण्यासाठीं घराबाहेर पडत. हें दृश्य आम्हीं हजारों वेळां पाहिलें, आणि त्यांतलें एकही आम्हांस नेमकें आठवत नाहीं. आठवतात ते चार-पांच बाण: बहिणीच्या शिक्षणासाठीं त्यांनीं हातांतलें घड्याळ विकलें तो दिवस, खोट्या हिशेबावर सही करण्यास नकार देऊन ते घरीं आले ती संध्याकाळ, आणि असेच आणखी दोन-तीन प्रसंग. नातीला तिचे पणजोबा ठाऊक आहेत ते या गोष्टींतून. तीं फुलें आम्हीं तिच्यापुढें एकाच आकाशांत मांडून ठेवलीं आहेत. घड्याळ विकलें त्याच्या आदल्या महिन्यांत घरांत काय चाललें होतें, सही नाकारल्यावर पुढें दोन वर्षें आमची आई खर्चाच्या काळजीनें रात्रीं कशी जागत असे, तो सगळा काळोख पुठ्ठ्याआड गेला आहे. त्यामुळें मुलीला वाटतें कीं, असा माणूस जन्मतःच शूर असतो, आणि आपण तसे नाहीं. थोरांच्या चरित्रांनीं लहानांचा धीर कधीं कधीं खचतो, त्याचें एक कारण हें असावें.

मग पुठ्ठा धरूंच नये काय? असें आम्हांस म्हणवत नाहीं. त्या रात्रीं नऊ मिनिटें भिंग मोकळें ठेवलें असतें तर काळोख चित्रांत आला नसता. शहराच्या दिव्यांनीं सगळी फिल्म पांढरी करून टाकली असती, आणि बाण, पाणी, खिडक्या यांपैकीं कशाचाच माग लागला नसता. चरित्रकारानें आयुष्यांतला प्रत्येक दिवस लिहून काढला तर त्या लिखाणांत माणूस सांपडणार नाहीं. निवड ही करावीच लागते. निवड करणें म्हणजेच कांहीं झांकणें. या झांकण्यांत आम्हांस पाप दिसत नाहीं. झांकलें हेंच पुन्हां झांकून ठेवणें, यांत मात्र दिसतें. आम्हीं चित्र भिंतीवर लावलें यांत कांहीं वावगें झालें नाहीं. पुठ्ठ्याची गोष्ट त्याच्याबरोबर कधींच सांगितली नाहीं, येथें आम्ही चुकलों.

यावर एक आक्षेप येईल. युक्ति सांगितली कीं सौंदर्य जातें. गारुड्यानें पिशवी उलटी करून दाखविली तर खेळ कोण पाहील? शिवाय प्रत्येक चित्राखालीं प्रतिज्ञालेख जोडीत बसलें तर घरांत राहणें कठीण होईल. दुसरा भाग आम्हांस मान्य आहे. चहा पितां पितां "छान आहे" म्हणणाऱ्या पाहुण्याला पुठ्ठ्याचा इतिहास ऐकविण्याची गरज नाहीं. त्याला तो नको असतो. परंतु जो थांबतो, पाहतो आणि विचारतो, त्याचें खऱ्या उत्तरावर ऋण असतें. आणि विचारणारा जितका लहान, तितकें तें ऋण मोठें, कारण त्याला आपलें उत्तर पडताळून पाहण्याचें साधन नसतें. सौंदर्य जातें म्हणाल, तर आमचा अनुभव उलट आहे. वडिलांनीं तो शब्द उच्चारल्यापासून त्या पांच फुलांच्या मधल्या जागा आम्हांस दिसूं लागल्या. तेथें आकाश रिकामें नाहीं. तेथें नऊ मिनिटें आहेत.

असो. भाऊबीज आटोपून नात पुण्यास परत जाणार, त्या सकाळीं आम्हीं तिला हांक मारून जवळ बसविलें, आणि त्या दिवशीं आपण चुकीचें उत्तर दिलें असें सांगितलें. कपाटांतून जुनी निगेटिव्ह काढून खिडकीच्या उजेडांत धरली. वहीचा पुठ्ठा घेऊन तो कसा आड धरला, कसा काढला, तें करून दाखविलें. तिला राग आला नाहीं, गंमत वाटली. तिनें पुठ्ठा आपल्या हातांत घेऊन दोन-तीनदां तसें करून पाहिलें. मग ती उठून भिंतीजवळ गेली, चित्राकडे टक लावून पाहिलें, आणि विचारलें, "मग यांतला पहिला कोणता?"

आम्हीही चष्मा लावून जवळ गेलों. एक तांबडा, एक हिरवा, दोन सोनेरी आणि एक पांढरा. तांबडा स्ट्रॉन्शियममुळें होतो, हिरवा बेरियममुळें होतो, एवढें आम्हांस सांगतां आलें असतें. परंतु आधीं कोणता उडाला आणि मागून कोणता, याची खूण फिल्मवर कोठेंच नव्हती. आणि त्या रात्रीं आम्हीं सेकंद मोजले होते, बाण मोजले नव्हते. ते मोजणारा माणूस शेजारच्या खुर्चींत बसला होता.

"तें मला ठाऊक नाहीं," आम्हीं तिला सांगितलें. "तुझ्या पणजोबांना ठाऊक होतें."